फायर स्टिक की गुगल टीव्ही?
गणपतीला चाकरमानी यायच्या आत टीव्हीला काय घ्यायचं, असं मालवणात बरेच जण विचारतात. फायर स्टिक म्हणजे टीव्हीला लावून अॅप्स बघायची कांडी, ती अॅमेझॉनची, आणि अॅमेझॉन तेव्हा क्रोमकास्ट (गुगलचं तसंच उपकरण) विकत नव्हती यावरून गुगलने २०१८ पासून तिच्यावरचं युट्यूब अॅप काढलं, लोक ब्राउझरमधून कसंबसं बघत होते, २०१९ च्या जुलैत समेट झाला पण दीड वर्षं भोगलं ते गिऱ्हाइकानेच, मला हे अजिबात पटत नाही. गुगल टीव्ही म्हणजे गुगलचीच टीव्हीवरची सिस्टीम, तिच्यात ती भीती नाही, मात्र टीव्ही कंपन्यांवर अटी लादल्याची केस स्पर्धा आयोगात गेली, २०२५ मध्ये गुगलने २०.२४ कोटी भरून सेटलमेंट केली, आता टीव्ही कंपन्यांना गुगलच्या प्ले स्टोअरचं लायसन्स सुटं मिळतं. आईबाबा युट्यूबवर दशावतार बघत असतील तर गुगल टीव्हीच घ्या.