कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक: पाचपैकी चार तारे

जून उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या स्थानकांवर बदललेल्या वेळांचे फलक लागतात आणि चाकरमान्यांची कुरकुर सुरू होते. माझ्या मते मात्र पावसात गाड्या मुद्दाम हळू चालवणारे हे वेळापत्रक हीच कोकण रेल्वेने दिलेली सर्वांत मोलाची सेवा आहे. वंदे भारतच्या वेगापेक्षा मी तिला अधिक गुण देईन.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा नव्वदहून अधिक बोगदे आणि रत्नागिरीजवळच्या पानवलचा ६४ मीटर उंच पूल पाहून सह्याद्रीवर मात केल्याची भाषा सर्रास ऐकू येत असे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी गाड्या रुळांवरून उतरवल्या, आणि ती भाषा थांबली. पहिल्या अपघातात पन्नासच्या आसपास माणसे दगावली.

त्यानंतरचे काम डोळ्यांत भरणारे नाही. तांबड्या कड्यांवर लोखंडी जाळ्या आल्या, डोंगरकापणीचे उतार सौम्य केले गेले, पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जाऊ लागला, सावित्री आणि वाशिष्ठीवरच्या पुलांना पुराची सूचना देणारी यंत्रणा बसली, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की चालकाने ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असा नियम झाला. खिडकीशी बसलात तर डोंगरकापणीच्या तोंडाशी रेनकोट घालून, बावटा धरून उभा असलेला गस्तवाला दिसेल. एवढ्या यंत्रांनंतरही त्याला घरी बसवलेले नाही, हे मला विशेष आवडते. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड आलीच, वाहतूक ठप्प झाली, प्रवाशांचे अतोनात हाल झाले, परंतु जीवितहानी झाली नाही. माणसाची प्रगती होते यावर माझा विश्वास बसतो तो अशा नोंदी वाचून.

एक तारा कापला आहे तो एकेरी मार्गासाठी. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढे समोरच्या गाडीसाठी ताटकळणे चालूच आहे. (गणपतीच्या आरक्षणाविषयी न बोललेलेच बरे.)

केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतले हे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. दुहेरीकरणाला त्यातून पैसा मिळणार असेल तर विलीनीकरण अवश्य व्हावे. मात्र पावसाळी गस्तीची माणसे आणि वेगमर्यादा यांना कात्री लावू नये.