टॉर्क रेंच, 15 महिने वापरल्यावर: बिघाड, कॅलिब्रेशनचा वाद आणि शेवटी स्वस्तात झालेली दुरुस्ती

टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोरानेच आवळता यावा यासाठीचा पाना. माझा अर्धा इंच ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे सॉकेट बसवायचा चौकोन), 40 ते 200 न्यूटन मीटर (पिळण्याच्या जोराचं माप), लावलेला आकडा गाठला की टक् करून सुटणारा नेहमीचा प्रकार. मुठीची लॉक रिंग सोडली तर पहिले 8 महिने मी या पान्याबद्दल वाकडा शब्द काढला नसता. मग एके दिवशी ॲल्युमिनियमच्या केसिंगवर 45 ला लावून बोल्ट आवळत होतो. टक् ऐकू येईना म्हणून ओढत राहिलो आणि अचानक हाताखालचा जोरच गेला. बोल्ट काढला तर त्याला गुंडाळून ॲल्युमिनियमची तार बाहेर आली. आटे गेले.

पाना उशिरा सुटतोय, म्हणून बोल्ट जास्त आवळला गेला, अशी माझी खात्री होती. ती चुकीची निघाली. ड्राइव्हचा चौकोन व्हाइसमध्ये पकडला, पाना आडवा ठेवला आणि मुठीच्या मध्यावर, ड्राइव्हपासून 45 सेंटीमीटरवर, बादली टांगली. पाना 60 ला लावून बादलीत हळूहळू पाणी ओतत गेलो. बादली आणि पाणी मिळून 11 किलो झाले आणि अगदी दबका टक् झाला. 11 गुणिले 9.81 गुणिले 0.45, म्हणजे 48.6. पान्याच्या स्वतःच्या वजनाचे साधारण 3 धरले तरी जेमतेम 52. म्हणजे पाना लवकर सुटत होता, पण इतका दबक्या आवाजात की मला कळलंच नाही आणि मी पुढे ओढत राहिलो. पाण्याची बादली मुद्दाम सांगतोय, कारण एक लिटर म्हणजे एक किलो, आणि वजन धक्का न देता वाढवता येतं.

कारण माझंच होतं. मधले 4 महिने पाना 150 ला लावलेला तसाच पेटीत पडून होता. स्प्रिंग इतके दिवस दाबून राहिली की बसते, म्हणजे किंचित आखूड होते. काम झालं की सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, त्याच्याही खाली नाही. वापरपुस्तिकेत हे लिहिलेलं होतं.

खरी चिडचिड पुढे झाली. एका ठिकाणी पाना कॅलिब्रेशनला दिला. पैसे आधी भरले, 10 दिवस थांबलो आणि हातात सर्टिफिकेट आलं: नापास. पाना जसाच्या तसा! मी काउंटरवर चांगलाच वाद घातला. नीट करायचा नव्हता तर पैसे कसले घेतले?

त्या दिवशी मी रागात जे बोललो त्यातलं अर्धं आज मागे घेतो. कॅलिब्रेशन म्हणजे प्रमाण उपकरणाशी ताडून फरक नोंदवणं, एवढंच. जुळवणी हे वेगळं काम, दुरुस्ती त्याहून वेगळं. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. पण माझ्याकडून पाना घेताना त्यांनी हे एका वाक्यात सांगायला हवं होतं, आणि ही तक्रार माझी आजही आहे. तुम्ही देणार असाल तर आधी विचारा: जुळवणी यात धरली आहे का? नापास झाला तर पुन्हा मोजायचे पैसे वेगळे का?

गंमत म्हणजे त्याच कागदाने पुढचा खर्च वाचवला. आयएसओ 6789 या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कमाल क्षमतेच्या 20, 60 आणि 100 टक्क्यांवर, म्हणजे माझ्या पान्याला 40, 120 आणि 200 वर, प्रत्येकी 5 वेळा मोजतात. माझी सरासरी आली 31, 111 आणि 191. मुभा ±4 टक्क्यांची, तिन्ही बाहेर. पण नीट बघा, तूट तिन्हीकडे 9 चीच आहे. दुसऱ्या एका दुरुस्ती करणाऱ्याला हा कागद दाखवला. त्याच्याकडे स्वतःचा टॉर्क टेस्टर होता. तो लगेच म्हणाला, "स्प्रिंग बदलू नका. स्प्रिंगचा जोर शाबूत आहे, शून्य सरकलंय. तूट आकड्याबरोबर वाढत गेली असती तर स्प्रिंग गेली म्हटलं असतं."

त्याने पाना माझ्यासमोर खोलला. स्प्रिंगच्या तोंडाशी जो छोटा ठोकळा कलंडतो आणि टक् होतो, त्यावरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. आवाज दबका होण्याचं कारण ते. साफसफाई, नवं ग्रीस, मुठीच्या टोकाच्या झाकणाखालच्या स्क्रूने शून्याची जुळवणी. मग पूर्ण जोरावर 5 वेळा ओढून पुन्हा मोजणी: 40, 119, 198. सर्टिफिकेट मी घेतलं नाही, आकड्यांचा साधा कागद घेतला. घरच्या कामाला तेवढा पुरतो. गिऱ्हाइकाला किंवा ऑडिटला दाखवायचं असेल तर नाही पुरत. या दुरुस्तीचा सगळा खर्च नव्या पान्याच्या पाव किमतीइतकाही झाला नाही. आधीच्या सर्टिफिकेटचे पैसे धरले तरी निम्म्याच्या आत. फेकून नवा घ्या म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं असतं तर वाईट वाटलं असतं.

आता 6 महिने झाले, टक् खणखणीत आहे. पण लॉक रिंग! मुठीच्या खालची ती प्लास्टिकची रिंग पहिल्या महिन्यापासून सरकते. चाकाचे नट 110 ला आवळायला घ्यावेत, तर चौथ्या नटापर्यंत मूठ 107 वर आलेली. सुटा भाग मिळत नाही, अख्खी मूठच घ्या म्हणतात. एवढी चांगली स्प्रिंग, एवढं मजबूत रॅचेट, आणि सेटिंग धरून ठेवणारा भाग सगळ्यात कमकुवत का करावा? प्रत्येक नटानंतर आकडा बघायची सवय लावून घेतली आहे, तरी दर वेळी त्रास होतो. याच एका कारणासाठी हे मॉडेल मी पुन्हा घेणार नाही.

परवा परत बादली टांगली. सेटिंग 60, टक् झाला 13 किलोला.