अपडेट कधी येणार? फोन घेण्याआधी करायची तुलना

हल्ली जाहिरातीत ‘सात वर्षं अपडेट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ती झाली अपडेट मिळत राहण्याची मुदत. अपडेट किती लवकर येणार हा वेगळा प्रश्न आहे, आणि ग्राहक बहुतेक वेळा वैतागतो तो यावरच.

सॅमसंगचं उदाहरण घ्या. अँड्रॉइड 15 गूगलच्या पिक्सेल फोनवर 15 ऑक्टोबर 2024 ला आलं. गॅलेक्सी एस24 ला, म्हणजे सात वर्षांचं वचन मिळालेल्या महागड्या फोनला, ते वन यूआय 7 च्या (अँड्रॉइडवर चढवलेल्या सॅमसंगच्या साजाच्या) रूपात एप्रिल 2025 मध्ये मिळू लागलं. कोरियात 7 तारखेला सुरुवात झाली, काही फोन अनलॉकच होईनात म्हणून वाटप मध्येच थांबवलं आणि मग पुन्हा सुरू केलं. त्याआधी दोन महिने एस25 हेच सॉफ्टवेअर घेऊन दुकानात आला होता. एस24 वाले चिडले ते त्यामुळे. पुढच्या वर्षी गाडी सुधारली: अँड्रॉइड 16 आलं 10 जून 2025 ला आणि एस25 वर पोचलं 15 सप्टेंबरला.

उशीर होतो कारण वाट लांब आहे. गूगल मूळ कोड देतं, क्वालकॉम किंवा मीडियाटेक आपल्या चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) जुळवतात, मग कंपनी त्यावर स्वतःचा साज चढवते, प्रत्येक मॉडेलवर आणि देशानुसार चाचणी घेते. शेवटी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात, म्हणून एकाच घरातल्या दोन सारख्या फोनपैकी एकाला आज येतं, दुसऱ्याला आठवड्याने. पिक्सेलमध्ये पहिला आणि तिसरा टप्पा एकाच घरचा, पिक्सेल 6 पासून चिपही गूगलचीच. आयफोनमध्येही सगळं घरचंच, त्यामुळे सगळ्या पात्र मॉडेलना एकाच दिवशी.

म्हणून वेग हीच मुख्य अट असेल तर निवड आयफोन किंवा पिक्सेल. आयफोनवाले अधिकृतपणे फार मोठी मुदत सांगत नाहीत, पण 2018 च्या आयफोन एक्सएसला 2024 चं आयओएस 18 मिळालं होतं, हा पुरावा पुरेसा बोलका आहे. पिक्सेल 8 पासून सात वर्षांचं लेखी वचन आहे. पण लवकर येणारं प्रत्येक अपडेट सुखाचं असतंच असं नाही. जुलै 2025 मध्ये पिक्सेल 6ए ला आलेल्या सक्तीच्या अपडेटने 400 चार्जिंग सायकल झालेल्या बॅटरीची क्षमताच कमी केली. बॅटरी तापण्याचा धोका टाळण्यासाठी हे केलं होतं, पण ज्याचा फोन दुपारीच मान टाकू लागला त्याला त्याचं काय!

आणि वेगवान कंपन्याही भारतापुरत्या कधी कधी मागे पडतात. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई-नागपुरात एअरटेलचं 5जी सुरू झालं, तेव्हा 5जी मॉडेम असलेले आयफोन खिशात असूनही ते चालेना, कारण परवानगी सॉफ्टवेअरमधून द्यायची होती. ती आयओएस 16.2 ने, 13 डिसेंबरला मिळाली.

आता पंधरा-वीस हजारांचा गट, जिथे खरी कसरत असते. गॅलेक्सी ए16 5जी ला सहा अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा पॅच (त्रुटी बुजवणारी छोटी अपडेट). त्याच भावाच्या सीएमएफ फोन 1 ला दोन आवृत्त्या आणि तीन वर्षं पॅच. कागदावर सामना एकतर्फी. पण ए16 मध्ये डायमेन्सिटी 6300 चिप आहे, सीएमएफमध्ये त्याहून दमदार 7300. पाचव्या वर्षी ए16 ला अपडेट येईल, पण ते पेलताना फोन धापा टाकेल. आई-वडिलांसाठी, यूपीआय आणि व्हॉट्सॅपपुरता फोन हवा असेल तर ए16 घ्या. तीन वर्षांत बदलणारच असाल तर सहा वर्षांच्या वचनाचे पैसे मोजू नका.

हातातल्या फोनवर चिडून नवा घेण्याआधी एक गोष्ट तपासा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन इथे (इतर फोनमध्ये जागा थोडी वेगळी) ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ची तारीख दिसते. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी पण ही तारीख दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल, तर घाईचं कारण नाही. बँकेच्या ॲपला नवी आवृत्ती क्वचितच लागते. तारीख वर्षभर जुनी असेल तर मात्र त्या फोनवरून पैशाचे व्यवहार कमी करा. गूगल प्ले सिस्टिम अपडेट, म्हणजे अँड्रॉइडच्या काही भागांचं गूगलकडून येणारं अपडेट, वेगळं असतं (अँड्रॉइड 10 पासून) आणि ते कंपनीच्या वाटेला न लागता थेट येतं. तेही हाताने तपासा.

सॅमसंग दुबईहून आणला असेल तर त्याच स्क्रीनवर सर्व्हिस प्रोव्हायडरच्या ओळीतला तीन अक्षरी कोड पाहा. भारताचा ‘आयएनएस’ असतो. तिथे ‘एक्सएसजी’ असेल तर तुमचं अपडेट अमिरातीच्या वेळापत्रकाने येणार, भारतातल्या बातम्या बघून उपयोग नाही.

हाताने अपडेट टाकायचं तर पिक्सेल सोपा: गूगलच्या साइटवरची पूर्ण ओटीए (अपडेटची) फाइल एडीबी साइडलोडने, म्हणजे केबल लावून संगणकावरून, टाकली की डेटा तसाच राहतो, फॅक्टरी इमेज (फोन कोरा करून बसवायची फाइल) मात्र सगळं पुसते. सॅमसंगमध्ये ओडिन हा संगणकावरचा प्रोग्रॅम लागतो. बीएल, एपी, सीपी या सॉफ्टवेअरच्या फाइलींसोबत ‘होम सीएससी’ निवडली तर डेटा वाचतो. नुसती ‘सीएससी’ निवडली तर फोटोंसकट सगळं गेलं. नव्या बूटलोडरवरून (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमवरून) जुन्यावर परत येता येत नाही. आणि बूटलोडर अनलॉक करून बाहेरचं रॉम (दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर) टाकलंत तर नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडतो, खाजगी फाइलींचा सिक्युअर फोल्डर पुन्हा चालत नाही.

सेलमधला जुना मॉडेल घेताना वर्षं बिलाच्या तारखेपासून मोजू नका, ती फोन बाजारात आल्यापासून सुरू होतात. गॅलेक्सी एस23 फेब्रुवारी 2023 चा, पाच वर्षं पॅचचा: आज घेतलात तरी 2028 च्या सुरुवातीला संपणार. एस24 जानेवारी 2024 चा, सात वर्षांचा, म्हणजे 2031 पर्यंत. प्रत्येकाची किंमत त्याच्या आजपासून उरलेल्या वर्षांनी भागा, तुलना करा आणि मग कार्ड बाहेर काढा.