गेट्स 1991 की हॅस्पेल 2018: वर्गात कोणती सुनावणी घ्यावी?

सीआयएच्या प्रमुखपदासाठी राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेलं नाव वादात सापडलं की अमेरिकी सिनेट त्याचं नेमकं काय करते, हे मुलांना दाखवायचं तर माझ्या मते दोनच सुनावण्या खऱ्या उपयोगाच्या आहेत. एक रॉबर्ट गेट्स यांची, 1991 ची. दुसरी जिना हॅस्पेल यांची, 2018 ची. राज्यशास्त्राच्या वर्गात मी दोन्ही घेतल्या आहेत, आधी काही वर्षं हॅस्पेल आणि आता गेट्स. अभ्यासमंडळासाठी किंवा अभिरूप सुनावणीसाठी दोघांपैकी एकच निवडायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना माझा अनुभव कामी यावा म्हणून हे लिहितो आहे. तुमची मुलं वेगळी असतील, तुमच्याकडचे तास वेगळे असतील, त्यामुळे हा काही शेवटचा शब्द नव्हे.

आधी हॅस्पेल. वर्ग पकडून ठेवायला याहून चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही. खुली बैठक एका सकाळची, 9 मे 2018 ची. प्रश्न एका ओळीत सांगता येतो: 2002 मध्ये थायलंडमधल्या गुप्त तुरुंगाची सूत्रं हाती असलेली अधिकारी, जिथे अल नशिरी या कैद्यावर वॉटरबोर्डिंग (तोंडावर पाणी ओतून गुदमरवण्याचा छळ) झालं, ती सीआयएची प्रमुख व्हावी का? वर त्या काळातल्या चौकशांच्या 92 चित्रफिती 2005 मध्ये नष्ट केल्या गेल्या. तो आदेश वरिष्ठांचा, पण मसुदा हॅस्पेल यांच्या हातचा. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरसावून बसतात.

आणि तेव्हा सिनेटर असलेल्या कमला हॅरिस यांचा तो प्रश्न. पूर्वीच्या चौकशीच्या पद्धती अनैतिक होत्या असं तुम्हाला वाटतं का, हो की नाही? हॅस्पेल संस्थेतल्या लोकांनी केलेल्या कामाबद्दल बोलू लागतात. हॅरिस पुन्हा विचारतात. हॅस्पेल लष्कराच्या नियमपुस्तिकेतल्या नैतिक कसोटीकडे वळतात. हॅरिस तिसऱ्यांदा म्हणतात, उत्तर द्या. मी दिलं, असं हॅस्पेल म्हणतात. नाही दिलं, असं हॅरिस. आमच्याकडे एका मुलीने हॅस्पेल यांची भूमिका केली होती. या जागी येऊन ती थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, मला 'हो' म्हणायचंय, पण कागदावर तसं नाहीये." हा क्षण दुसऱ्या कुठल्याही प्रकरणात मिळणार नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

मतांचं गणित शिकवायलाही हॅस्पेलच बरी. ते गणित फळ्यावर मावतं. शंभर जणांच्या सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे रिपब्लिकन 51. त्यातले जॉन मॅककेन आजारपणामुळे अॅरिझोनात. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ कैदेत छळ सोसलेल्या या माणसाने तिथूनच हे नाव नाकारा असं सांगितलं होतं. रँड पॉल आणि जेफ फ्लेक विरोधात. म्हणजे बाजूने उरले 48, आणि सगळे डेमोक्रॅट विरोधात गेले असते तर विरोधात 51. नाव पडलं असतं. पण सहा डेमोक्रॅट बाजूने आले आणि 54 विरुद्ध 45 असा निकाल लागला. सहापैकी मॅन्चिन, हाइटकँप, डॉनेली आणि नेल्सन या चौघांना त्याच नोव्हेंबरात निवडणूक लढवायची होती, तीही 2016 मध्ये ट्रम्प जिंकले होते अशा राज्यांतून. (चौघांपैकी मॅन्चिन तेवढे निवडून आले.) मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी हॅस्पेल यांनी सुनावणी घेणाऱ्या सिनेटच्या गुप्तचर समितीतले ज्येष्ठ डेमोक्रॅट मार्क वॉर्नर यांना पत्र लिहून मान्य केलं, की कैद्यांच्या चौकशीचा तो कार्यक्रम सीआयएने हाती घ्यायला नको होता. जे वाक्य समितीसमोर तोंडातून निघालं नाही, ते पत्रात आलं आणि वॉर्नर यांचं मत मिळालं. नियुक्तीचं राजकारण म्हणजे काय, ते यात अगदी लख्ख दिसतं.

एवढं असूनही मी हॅस्पेल सोडली, आणि त्याचं कारण एकच आहे.

सिनेटर डायान फाइनस्टाइन विचारतात: अल नशिरीची चौकशी तुमच्या देखरेखीखाली झाली का? उत्तर येतं, की माझ्या 33 वर्षांच्या गोपनीय नेमणुकांबद्दल आपण दुपारच्या बंद बैठकीत बोलू. झालं, दार लागलं. आणि ते दार कोणाच्या हातात होतं? हॅस्पेल तेव्हा संस्थेच्या कार्यवाहक प्रमुख होत्या. त्यांच्या कारकिर्दीतलं काय उघड करायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच खुर्चीकडे होता. चित्रफितींच्या प्रकरणात त्यांना दोषमुक्त ठरवणारं 2011 चं टिपण सुनावणीआधी खुलं झालं. थायलंडची कागदपत्रं झाली नाहीत. फाइनस्टाइन, वायडन, हाइनरिक या सिनेटरांनी यावर परोपरीने तक्रार केली. त्या तुरुंगातून पाठवलेले संदेश, तेही खाडाखोड करून, लोकांसमोर आले ते ऑगस्टमध्ये. नियुक्ती होऊन तीन महिने झाले होते.

वर्गात याचं काय होतं ते सांगतो. अभिरूप सुनावणीत दर दुसऱ्या प्रश्नाला "हे बंद बैठकीत" असं उत्तर येतं. पहिल्यांदा मुलांना मजा वाटते, चौथ्यांदा ती वैतागतात. शेवटी मतदान घेतलं तेव्हा समितीत बसलेला एक मुलगा हात वर करायला तयारच होईना. "पुरावाच बघितला नाही, तर मत कशावर देऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सलग दोन वर्षं हेच झालं. गोपनीयतेचा प्रश्न शिकवायला हे चांगलंच आहे, पण माणूस कसा पारखायचा हे शिकवायला नाही, आणि मला ते शिकवायचं होतं.

आता गेट्स. यातली अडचण आधीच सांगून टाकतो: पूर्वतयारी फार लागते. इराण-काँट्रा (रेगन सरकारच्या लोकांनी इराणला चोरून शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण) समजावण्यात एक अख्खा तास जातो, सोव्हिएत संघाबद्दलचे सीआयएचे अंदाज आणि त्यावरची भांडणं यात आणखी एक. सुनावणी दिवसेंदिवस चालली. पण या प्रकरणाला एक देणगी आहे: एकाच माणसाचं नाव दोनदा आलं. 1987 च्या फेब्रुवारीत रेगन यांनी सीआयएतलेच वरिष्ठ अधिकारी असलेल्या गेट्स यांना सुचवलं, तेव्हा इराण-काँट्रा ताजं होतं, सिनेट नुकतीच डेमोक्रॅटांकडे गेली होती, आणि मार्चमध्ये गेट्स यांनी नाव मागे घेतलं. 1991 मध्ये थोरल्या बुश यांनी तेच नाव पुन्हा पुढे केलं. सिनेट तेव्हाही विरोधकांचीच. माणूस तोच, आरोप बरेचसे तेच, मग चार वर्षांत बदललं काय? हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो आणि पुसत नाही.

काय बदललं याचं एक उत्तर गेट्स यांच्या सुरुवातीच्या निवेदनात आहे. इराण-काँट्राबद्दल मी आणखी खोदून विचारायला हवं होतं, असं ते तिथे मान्य करतात. हॅस्पेल यांचं पत्र यासमोर ठेवून पाहा. दुसरं उत्तर समितीचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन. विरोधी पक्षाचे असूनही ते गेट्स यांच्या पाठीशी राहिले. जुलैत सीआयएचेच माजी अधिकारी अॅलन फायर्स यांनी काँग्रेसपासून, म्हणजे अमेरिकी संसदेपासून, माहिती दडवल्याचा गुन्हा कबूल केला आणि सुनावणी सप्टेंबरपर्यंत लांबली, तरीही.

पण मला हे प्रकरण भावलं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या बैठकींमुळे. गेट्स यांच्या हाताखाली आणि शेजारी काम केलेले विश्लेषक उघडपणे साक्षीला येऊन बसले. मेल्विन गुडमन आणि जेनिफर ग्लॉडेमन्स यांनी सांगितलं, की वरच्यांना हवे तसे निष्कर्ष काढण्यासाठी दबाव होता. पोपवरच्या 1981 च्या हल्ल्यामागे सोव्हिएत हात होता का, यावरचा 1985 चा अहवाल एकाच बाजूचे पुरावे मांडून तयार झाला, हा त्यातला सर्वांत बोचरा आरोप. हॅरॉल्ड फोर्ड यांची साक्ष मी मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. संस्थेत आयुष्य घालवलेला हा ज्येष्ठ माणूस. गेट्स यांच्याशी वैर नसलेला. त्याला हे बोलणं जड जातंय हे वाक्यावाक्यात जाणवतं, आणि तरी तो म्हणतो, हे नाव मंजूर होऊ नये. दुसरीकडे डग्लस मॅकएचिन यांच्यासारखे सहकारी गेट्स यांच्या बाजूने बोलले. मग गेट्स स्वतः परत आले आणि वीसेक आरोप एकेक घेऊन त्यांना उत्तरं दिली, जुने कागद हातात धरून. ते कागद मुलांनाही वाचायला मिळतात. समितीत 11 विरुद्ध 4, पूर्ण सिनेटमध्ये 64 विरुद्ध 31.

शेवटी गेट्सही मंजूर झालेच, आणि इराण-काँट्राबद्दलच्या बऱ्याच प्रश्नांना त्यांचं उत्तर "आठवत नाही" असंच होतं, हे खरं आहे. सगळं उघड्यावर झालं असंही नाही. पण आमच्या वर्गात गेट्सवर मतदान झालं तेव्हा एकानेही हात आखडता घेतला नाही. दोन्ही बाजूंना मतं पडली आणि प्रत्येकाला आपलं कारण सांगता आलं.

आणखी एक फरक मला वर्गातच कळला. आपल्याकडे रॉ किंवा आयबीच्या प्रमुखाचं नाव मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते, संसदेसमोर सुनावणी नसते. खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख आणणारं खासगी विधेयक आणलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. हॅस्पेलनंतर मुलं म्हणायची, तिथेही कळत नाही, इथेही कळत नाही, आणि चर्चा संपायची. गेट्सनंतर एका मुलीने विचारलं, आपल्याकडे एखाद्या विश्लेषकाला फोर्डसारखं बोलावंसं वाटलं, तर तो कुठे जाऊन बोलेल? त्यावर आम्ही तास संपल्यावरही बाहेर जिन्यात उभे राहून बोलत होतो.

तुमच्याकडे दोनच तास असतील तर हॅस्पेल घ्या, ऑगस्टमध्ये उघड झालेल्या संदेशांसकट. चार तास मिळणार असतील तर गेट्स घ्या, आणि इराण-काँट्रापासून सुरुवात करू नका. आधी फोर्ड यांची साक्ष वाचायला द्या, मागचं सगळं मुलं स्वतःहून विचारतात.