तुरीची डाळ: पाकिटावरचा शिक्का की गटाचा शिक्का?

नागपूरच्या गोकुळपेठेतल्या दुकानात दोन सेंद्रिय तूरडाळी शेजारीशेजारी असतात. एकीवर 'इंडिया ऑरगॅनिक', दुसरीवर 'पीजीएस-इंडिया'. सेंद्रिय मालाचं 'जैविक भारत' हे सरकारी चिन्ह मी दोन्हींवर पाहिलंय. सेंद्रिय खाद्यपदार्थांचे नियम २०१७ साली आले आणि त्यांनी दोन्ही प्रमाणपत्रांना मान्यता दिली, त्यामुळे कायद्याने दोघी सारख्याच. मी दोन्ही वर्ष-वर्षभर खाल्ल्या आहेत. चवीत फरक कळला असं छातीठोक सांगणार नाही. घरच्यांच्या मते कळतो, पण त्यांना डाळीची किंमत आधीच माहीत असते.

पहिलं, 'इंडिया ऑरगॅनिक'वालं प्रमाणपत्र एनपीओपीचं, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं. वाणिज्य मंत्रालयाचा हा कार्यक्रम २००१ पासूनचा, मुळात निर्यातीसाठी बेतलेला. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येते, कागद तपासते, पैसे घेते. पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत, कृषी मंत्रालयाचं. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. फी जवळपास नाहीच. ऐकताक्षणी मनात येतं की हे म्हणजे घरचेच परीक्षक! माझ्याही आलं होतं. पण परक्या परीक्षकावर तरी किती विसंबायचं? २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेने भारतीय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणारी ती यंत्रणा एनपीओपीचीच होती.

तरी पहिलं वर्ष मी कंपनीचं 'इंडिया ऑरगॅनिक'वालं पाकीटच आणत होतो. वैताग आला तो कात्रीमुळे. प्रमाणपत्राचा क्रमांक पाकिटाच्या वरच्या शिवणीलगत, मुंगीच्या अक्षरात. पाकीट कापलं की अर्धा क्रमांक कचऱ्यात. एकदा जपून कापलं, चष्मा लावून क्रमांक उतरवला आणि कंपनीच्या नंबरवर फोन केला. विचारायचं एवढंच होतं की ही तूर कुठल्या जिल्ह्यातली? तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: "सर, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के सर्टिफाइड आहे." अहो, ते तर पाकिटावर लिहिलंच आहे! कागद खोटा असेल असं मी म्हणत नाही, बहुधा खराच असेल. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात नव्हतं.

त्याच हिवाळ्यात एका ओळखीच्यांबरोबर भिवापूरकडच्या एका पीजीएस गटाच्या शेतावर गेलो. तुरीच्या पोत्याला हात लावून मी म्हटलं, "ही ऑरगॅनिक ना भाऊ?" शेतकरी म्हणाला, "ऑरगॅनिक नका म्हणू जी, अजून ग्रीनच आहे." पीजीएसमध्ये रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे रूपांतराच्या काळातल्या मालाला 'ग्रीन' आणि तो पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक' असं वेगळं चिन्ह मिळतं. तुरीसारख्या हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं लागतात, संत्र्याच्या बागेला तीन. मग त्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध दाखवला. पलीकडे शेजाऱ्याची पऱ्हाटी (कपाशी), तिच्यावर फवारणी होते, म्हणून अलीकडच्या चार ओळींची तूर वेगळी काढून मंडीत घातलेली. हे मी विचारलंही नव्हतं.

उणीवही सांगतो. पीजीएसमध्ये प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत जात नाही, आणि गटात सगळे सोयरेधायरे असले तर कोण कोणाला धरणार? डाळीत कधीकधी खडे निघतात, वर्षभर सलग मिळेल याचीही खात्री नाही. घरात लहान बाळ असेल किंवा डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तर तुम्हाला पाकीट बरं वाटेल आणि त्यात चूक काही नाही.

मी मात्र तूर, तांदूळ आणि हळद आता गटाकडूनच घेतो. ग्रीन असली तरी. चहापत्ती अजून पाकीटवाली, कारण आसामात जाऊन धुरा बघणं आपल्याच्यानं होत नाही. पाकीट तेवढं खालच्या बाजूने कापतो.