अकरा पाकिटं, चार रोपं: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी मी एका दमात बियांची अकरा पाकिटं, चार रोपं आणि रेन लिलीचे मूठभर कंद घेतले. त्याच दिवशी कौतुकाचे चार शब्द लिहायची फार खुमखुमी होती. बरं झालं लिहिले नाहीत. तेव्हा सगळ्यांत देखणं दिसणारं रोप आज नाही, आणि ज्या पाकिटावर धड चित्रही नव्हतं त्यातल्या वेलीनं खिडकीची जाळी झाकून टाकली आहे.

ती वेल गोकर्णाची. दहा बिया तशाच पेरल्या, तीन आठवड्यांत दोनच उगवल्या. विकणाऱ्याला मनातल्या मनात बरंच ऐकवून झालं. मग न उगवलेल्या आठ बिया उकरून काढल्या, नेलकटरच्या कानशीवर जरा घासल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि पेरल्या. आठवड्याभरात सात वर! गोकर्णाचं टरफलच इतकं कडक की पाणी आत शिरत नाही, त्यात बियाण्याचा काय दोष?

पेटुनियाची गंमत याच्या उलट. बी अगदी धुळीसारखं, आणि त्याला रुजायला उजेड लागतो. मी सवयीनं वर मातीचा थर दिला आणि अर्धं पाकीट वाया घालवलं. दुसऱ्या खेपेला ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, नुसतं भुरभुरलं, वर पारदर्शक झाकण ठेवलं, तर ट्रेभर हिरवी लव आली. पण झाकण काढायचा आळस नडला. सकाळी बघते तर एका कोपऱ्यातली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. सतत ओल आणि वारा नाही, म्हटल्यावर बुरशीला आणखी काय हवं? आठ रोपं वाचली, ती अजून फुलताहेत.

एक तक्रार मात्र खरीच आहे. कांद्याच्या पाकिटावर मागे छापलेली तारीख दोन वर्षांपूर्वीची होती आणि ती मी घरी आल्यावर वाचली. ओल्या कागदात वीस बिया गुंडाळून ठेवल्या, तीन रुजल्या. त्याच वयाच्या टोमॅटोच्या वीसपैकी सतरा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच दम तोडतं; टोमॅटोचं कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं सहज टिकतं. ही पाकिटं एकाच फळीवर एकाच हिशेबानं ठेवणाऱ्याला माझ्याकडून शून्य गुण.

टोमॅटो छान लागले. इतके, की सगळ्यांत चांगल्या फळाचं बी धरून मी पुन्हा लावलं. पाकिटावर कोपऱ्यात 'एफ-१', म्हणजे संकरित बी, असं लिहिलेलं तोवर नजरेतून सुटलं होतं. संकरित वाणाची पुढची पिढी आईबापांसारखी निघेलच असं नाही, हे वाचून माहीत होतं. आता डोळ्यांसमोर आहे. पाच झाडं, पाच तऱ्हा. एकाला गोट्यांएवढी फळं, एक नुसतंच उंच. पुढच्या वेळी सरळ वाणच, म्हणजे संकरित नसलेला.

रोपांचं थोडक्यात सांगते. फुलांनी लगडलेला जरबेरा गेला. कुंडी बदलताना त्याचा गड्डा मी मातीत दाबला आणि तो मधूनच कुजला. जास्वंदीच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण ही कीड घरी आली; नवं रोप दोन आठवडे बाजूला ठेवायचं सोडून मी ते थेट जुन्या कुंड्यांच्या गर्दीत नेऊन ठेवलं. दोन महिने कापूस आणि साबणाचं पाणी घेऊन बसले होते. गुलाबाला जोमदार फुटवा आला म्हणून मी खूश, तर तो कलमाच्या डोळ्याच्या खालून, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मुळाकडच्या खुंटाचा निघाला! बुडापासून काढल्यावर वरचं कलम सावरलं. चौथं रोप जेडचं. त्याला काही होत नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही काही नाही.

थोडक्यात, बियाण्याचा अनुभव लिहायला बसले आणि निम्म्याहून जास्त माझ्याच चुका निघाल्या.

रेन लिलीचे कंद सहा महिने नुसती पात काढत होते. गावाला गेले तेव्हा कुंडी कोरडी ठणठणीत पडली. परतल्यावर अपराधी वाटून भरपूर पाणी घातलं. पाचव्या दिवशी गुलाबी कळ्या.