शिकागोची आग, दादरची भिंत : आठ महिन्यांनी

पाडव्याला मागवलेलं चित्र. आता दिवाळी झाली, म्हणजे एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने आमच्या भिंतीवर काढलाय. न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज या छापखान्याने १८७१ साली काढलेल्या शिकागोच्या आगीच्या लिथोग्राफची (शिळाछापाची) ही नक्कल, मॅट कागदावर.

छपाईबद्दल तक्रार नाही. पुलावरची झुंबड, घोडागाड्या, मागे पेटलेलं आभाळ, सोफ्यावरूनही सगळं दिसतं. भिंग लावलं की मात्र पितळ उघडं पडतं. अस्सल शिळाछापात खडूची खरखरीत कणी दिसते, इथे इंकजेटचे ठिपके. ज्वाळा जरा जास्तच देखण्या आहेत, पण तो दोष मुळातला. नेथॅनियल करियरचं नाव गाजलं तेच १८४० साली जळालेल्या 'लेक्सिंग्टन' या आगबोटीच्या चित्रामुळे. आग विकायची कशी हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिकागोत तीनशेच्या आसपास माणसं गेली, लाखभर बेघर झाली. ती धग या केशरी रंगात नाही.

"घरात आगीचं चित्र कशाला गं?" हे शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. आजीने मात्र खुर्ची ओढून निवांत पाहिलं आणि विचारलं, "गोदीची का?" १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली तेव्हा आजी सात वर्षांची, गिरगावात. बोटीवर दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला. शिकागो आहे म्हटल्यावर तिचा रस संपला.

खरा घोळ फ्रेमने घातला. फ्रेमवाल्याने काच थेट कागदाला टेकवली, मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) ठोकलं, आणि आम्ही ते पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर टांगलं. जुलैत एमडीएफ फुगलं, कागदाला लाटा आल्या, खालच्या कोपऱ्यात बुरशी. उघडायला गेले तर एका जागी शाई काचेला चिकटून निघाली. पुलावरचा एक घोडा आता बिनडोक्याचा आहे.

दुसऱ्यांदा उभं राहून करून घेतलं: ॲसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेला पुठ्ठा), काच आणि कागदात फट, चित्र फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्यांवर लटकतं, मागे रबरी गुंड्या म्हणजे भिंतीशी हवा खेळते. जागा आतल्या भिंतीवर. फ्रेमचा खर्च चित्राच्या दुप्पट झाला. चित्र पुन्हा घेईन, पण नुसता कागद, गुंडाळी करून. आणि फ्रेम पावसाळा सरल्यावरच.